आमची वाटचाल : जुन्या ठिबक नळीचा दाणा

आमच्या कारखान्यात येणारा माल सरकारच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. यावल-रावेरच्या केळीतून आणि जामनेर-पाचोऱ्याच्या कपाशीतून निघालेली सोळा एमएमची काळी लॅटरल, म्हणजे जुनी ठिबक नळी, आम्ही जळगाव एमआयडीसीत दळतो, धुतो आणि तिचा दाणा (पुन्हा वापरायच्या प्लास्टिकचे बारीक गोळे) काढतो. नव्या नळीला अनुदान आहे. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५. राज्याची भर धरली की ८० आणि ७५ टक्के. सात वर्षांनी त्याच शेतासाठी पुन्हा अर्ज करता येतो, म्हणजे तोवर जुनी नळी बांधावर येणार हे सगळ्यांनाच ठाऊक. पाणी वाचवणं हा सरकारचा अग्रक्रम, म्हणून नळी अंथरायला पैसा आला. गोळा करायला तो कुणाच्याच खात्यात नाही. बरेच जण पेटवून देतात, तो काळा धूर एप्रिल-मेमध्ये कुठल्याही शिवारात दिसतो.

शंभर किलो नळी उतरवली की त्यात पंचवीस-तीस किलो माती, क्षार आणि पाणी निघतं. भाव करताना ही घट धरली नाही तर पहिल्याच हंगामात धंदा बसतो. आधी हाताने निवड करायची. जॉइनर, टी, कॉक, एंड कॅप, रबरी ग्रोमेट आणि बंडल बांधलेली तार, सगळं बाजूला. तारेचा एक तुकडा ग्राइंडरमध्ये गेला की ब्लेडची धार गेलीच. मग दहा-बारा एमएमच्या जाळीचा ग्राइंडर, घासून धुणारा फ्रिक्शन वॉशर आणि पाण्याची टाकी. टाकीत पॉलिथिलीन तरंगतं; पीव्हीसी आणि रबर तळाला बसतात. तळ रोज काढावा लागतो, नाहीतर गाळ ढवळून वर येतो. नळीच्या पॉलिथिलीनला (एलएलडीपीई) एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर, १८० ते २१० अंश लागतात, आणि त्या तापमानाला चुकून आलेला पीव्हीसी जळतो, आम्लाची वाफ सोडतो, स्क्रू-बॅरल खातो आणि दाण्यावर तपकिरी ठिपके टाकतो.

खरी डोकेदुखी प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (पीसी) ड्रिपरची, म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणाऱ्या तोटीची. त्यात सिलिकॉनचा छोटा पडदा असतो. ड्रिपर अख्खा दळला जातो, पडद्याचे तुकडे प्लास्टिकला चिकटून तरंगत येतात, वितळत नाहीत आणि डायमागच्या (प्लास्टिक बाहेर पडतं त्या साच्यामागच्या) जाळीवर जाऊन बसतात. ४०-८०-४० मेशच्या अशा तीन जाळ्या लावायच्या आणि त्या प्रेशर गेज बघून बदलायच्या. ‘पाळीला एकदा’ असा नियम करणारे जाळी फाडून घेतात आणि सगळी घाण दाण्यात जाते. साधी इनलाइन नळी आणि पीसी नळी वेगळी ठेवली तर निम्मा त्रास वाचतो. कोरडेपणा एक टक्क्याच्या आत ओल असेल इतका हवा. जास्त राहिली की दाणा पोकळ निघतो आणि त्या दाण्याच्या पाइपला भोकं पडतात. जळगावचा मे महिना वेगळाच. कूलिंग टाकीचं पाणी तापतं, डायमधून आलेल्या प्लास्टिकच्या लड्या एकमेकींना चिकटतात, कटर अडतो. कूलिंग टॉवरशिवाय इथे दुपारची पाळी चालवू नये.

आता ज्यामुळे आम्ही बुडता बुडता राहिलो ते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. त्यांत १६ फेब्रुवारी २०२२ ला ईपीआरची, म्हणजे उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वं आली. पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपनीने २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्के जबाबदारी घ्यायची, आणि नोंदणीकृत रिसायकलरची प्रमाणपत्रं विकत घेऊन ती दाखवायची. एका रात्रीत सगळ्या कंपन्यांना रिसायकलर हवा झाला. पण नियम पॅकेजिंगचा. ठिबक नळी पॅकेजिंग नाही, मल्चिंग पेपरही नाही. आमच्या नळीच्या दाण्यावर एकही प्रमाणपत्र निघत नाही.

म्हणून एका मोठ्या कंपनीच्या दलालाच्या शब्दावर दुधाच्या पिशव्यांची लाइन टाकली. पिशवी ईपीआरच्या दुसऱ्या प्रवर्गात, लवचीक पॅकेजिंग. तिची तऱ्हा निराळी: स्निग्धांश जायला गरम कॉस्टिक, फिल्म घट्ट करायला अॅग्लो, शाईचा वायू बाहेर काढायला व्हेंट असलेला बॅरल. कर्ज काढलं, माल भरला. त्यात भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ पासूनच ५ वरून १८ टक्क्यांवर गेलेला. एकीकडे रिसायकल करा म्हणायचं आणि दुसरीकडे कच्च्या मालावर कर वाढवायचा, हे गणित आम्हाला आजवर कुणी समजावलेलं नाही. खेळतं भांडवल करातच अडकलं.

आणि प्रमाणपत्राचा भाव कोसळला. कारण उघड होतं. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक युनिट, ज्याच्या वॉशिंग टाकीत पाणी कधी भरलेलं आम्ही पाहिलं नाही, निम्म्याहून कमी दरात हवी तितकी प्रमाणपत्रं देत होतं. दलाल तिकडे गेला, फोन उचलेना. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत बनावट प्रमाणपत्रं लाखांच्या संख्येत सापडली, तेव्हा ही कीड आमच्या भागापुरती नव्हती हे कळलं. तोवर आमच्या शेडमध्ये आंबट वासाच्या गाठोड्यांची थप्पी आणि बँकेचं पत्र.

कंपन्यांच्या खरेदीवाल्यांना फुकटचा सल्ला: प्रमाणपत्र घेण्याआधी वीजबिल मागा. धुऊन, दळून दाणा काढायला किलोमागे साधारण अर्धा ते पाऊण युनिट जातं. तीन हजार टन दाखवणाऱ्याचं वर्षाचं बिल निदान पंधरा लाख युनिटांचं हवं. दोन लाख निघालं तर उरलेला माल कागदावरच दळलाय.

सावरलं ते धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एका पाइपवाल्या अण्णांनी. काळी, बिगर-आयएसआय पाइप करतात. अनुदानाच्या आयएसआय नळीत बाहेरचा रिसायकल दाणा चालत नाही, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक हेच. अण्णा दाणा दाताखाली चावून बघतात, मग मुठीत घेऊन वास घेतात, आणि मगच एमएफआयचा (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा) कागद वाचतात. त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन महिन्यांचा आगाऊ चेक पाठवला, सोबत निरोप: ‘दूध बंद करा, नळी चालू ठेवा.’ पिशवीची लाइन विकली, व्हेंटचा बॅरल तेवढा ठेवला. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीवाल्यांचे (सीएसआर) फोन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे असतात, आणि चालू प्रकल्पाचा न वापरलेला पैसा वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो. म्हणून घाई. मागणी ठरलेली: रिसायकल प्लास्टिकचे बाक, त्यावर मोठं नाव, फोटो. बाक आम्ही करत नाही. शिवाय शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा झाल्यापासून पुरवठादारांना लांबलचक प्रश्नावल्या येतात. त्यांत पाणी किती, वीज किती सगळं विचारतात. माल वेळेवर उचलणार का, हे आम्हीच विचारायचं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याच अधिकाऱ्यांना ठाऊक नसते. जानेवारी २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांनुसार दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही, म्हणजे ईपीआरचा खर्च त्यात बसत नाही. पण ठिबक नळी गोळा करणं कुठल्या पॅकेजिंग कंपनीवर बंधनकारकच नाही! कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये सीएसआरच्या कामांची यादी आहे, तिच्यातल्या पर्यावरणाच्या कलमात ते बसतं. गावात एक तोलकाटा, एक शेड आणि आठवड्याला एक टेम्पो, एवढ्याला पैसा लागतो. बाकांपेक्षा कमीच.

तोवर आम्ही स्वतःच्या टेम्पोने आणतो. शेतकरी भाऊंनी एवढं करावं: कपाशी उपटल्यावर नळी लगेच गुंडाळावी, उन्हात ठिसूळ झाली की निम्मा भाव. गुंडाळायच्या आधी दोन्ही टोकं उघडून पाणी काढावं. बंडल तारेने बांधू नये, नळीच्याच तुकड्याने बांधावं. पीसी ड्रिपरची नळी वेगळी ठेवावी आणि टेम्पोवाल्याला तसं सांगावं. तिचा भाव कमी आहे, तो का हे वर लिहिलंय.