चादरीचे फोटो, टप्पा चौथा: मरून रंग आणि धाग्यांच्या लाटा

सोलापुरी चादरी-टॉवेलच्या जाहिरातीसाठी स्टॉक चित्रांच्या, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या, साइटवर 'इंडियन ब्लँकेट' असं शोधलं की फुलं समोर येतात. अमेरिकेतल्या एका रानफुलाचं, गेलार्डियाचं, ते रूढ नावच आहे. शब्द बदलून चादर मिळवली तरी ती कुठल्या मागावरची, किनार कसली, वजन किती, यातलं काहीच कळत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्या जाहिरातीत परगावची चादर दाखवली तर पार्सल उघडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा किनारच बघतं आणि मग फोन येतो. शिवाय स्टॉकचं साधं लायसन्स आपल्यापुरतं नसतं. तेच चित्र उद्या शेजारच्या दुकानाच्या फलकावर दिसू शकतं.

दिवाळीच्या बॅनरमागचे दिवे, रांगोळी, नुसता लाकडी पृष्ठभाग, इथे स्टॉक खुशाल वापरा. माल मात्र स्वतःचाच दिसला पाहिजे.

आता मांडणी. ६० बाय ९० इंची चादर म्हणजे बरोबर ३:२, कॅमेऱ्याच्या फ्रेमचंच प्रमाण. जमिनीवर पसरून वरून फोटो घ्यायचा तर एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सर आणि ३५ मिमी लेन्सला साधारण १२ फूट उंची लागते, तेवढं छत घरात नसतं. म्हणून चादर लांबीच्या बाजूनं ८ फुटी पाइपवर टांगायची आणि कॅमेरा समोर १२ फुटांवर, चादरीच्या मध्याच्या उंचीला ठेवायचा. फ्रेममध्ये ८ फूट मावतात, म्हणजे दोन्ही बाजूंना ३-३ इंच मोकळे राहतात. चारदोन चिमट्यांवर टांगू नका. वजनानं मधे झोळ पडतो आणि किनार लाटेसारखी दिसते. वरची कड दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे दाबून घ्या, खालच्या कडेलाही मागून एक पट्टी. आधी वाफेची इस्त्री, कारण घडीची रेघ संपादनात काढायला गेलं की नक्षीही पुसली जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मॉरेनं, म्हणजे नसलेल्या इंद्रधनुषी लाटांनी. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतात. ते ८ फुटांवर पसरले की एका पिक्सेलच्या वाट्याला ०.४ मिमी कापड येतं. धाग्यांमधलं अंतर याच्या दुपटीच्या आसपास किंवा खाली गेलं की सेन्सरच्या जाळीचा आणि विणीचा मेळ बिघडतो. आधी फोटो १०० टक्क्यांवर उघडून बघा, कारण लहान करून पाहताना दिसणाऱ्या लाटा पुष्कळदा फक्त स्क्रीनच्या असतात. खऱ्या असतील तर कॅमेरा फूटभर पुढे-मागे करा किंवा अंशभर तिरका करून नंतर सरळ कापा. तरीही राहिल्याच तर लेन्सचं छिद्र लहान करा, एफ ८ वरून एफ १६ वर जा. विवर्तनानं (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यानं) येणारा किंचित मऊपणा इथे उपयोगी पडतो. आणि व्हॉट्सअॅप कॅटलॉगसाठी १०८० पिक्सेलपर्यंत लहान करताना आधी हलका ब्लर द्या. मूळ फोटो स्वच्छ असला तरी लाटा याच पायरीवर उगवू शकतात.

दुसरी डोकेदुखी मरून आणि राणी रंगाची. साध्या हिस्टोग्रॅमवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) हिरव्या चॅनेलचा प्रभाव जास्त असतो, त्यामुळे आलेख ठीक दिसतो आणि लाल चॅनेल तोवर फुटलेला, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील गमावलेला, असतो. मग मरूनच्या पोटातली नक्षी सपाट डागासारखी येते. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्रॅम लावा, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा आणि रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. एसआरजीबी (स्क्रीन आणि वेबची नेहमीची रंगपद्धत) करताना लाल फुटत असेल तर फक्त लालची सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, थोडी उतरवा, ब्राइटनेसला हात लावू नका. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) राखाडी ग्रे कार्डावर घ्यायचा, तोही चादर जिथे टांगली आहे तिथेच कार्ड धरून.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये मागासकट फोटो हवा असेल तर ट्यूबलाइट आडवी येते. वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/२५० सेकंदाच्या शटरला फ्रेममध्ये पट्टे पडतात. १/१०० किंवा १/५० धरा. पत्र्यातल्या रंगीत फायबर शीटमधून येणारा उजेड कापडाला हिरवट करतो, तेव्हा मालाचा रंग दाखवायचा फोटो तिथे घेऊच नये. लेन्सही तिथे बदलू नका, हवेत तंतू असतात आणि ते सेन्सरवर बसतात.

टेरी टॉवेलचं सगळं काम कडेच्या उजेडावर. समोरून दिवा मारला की लव मरते आणि टॉवेल पंचासारखा दिसतो. खिडकीवर बटर पेपर, उजेड कापडाला १५ ते २० अंशांनी घासून जाईल असा, आणि पलीकडे पांढरी थर्माकोल शीट. शीट फार जवळ आणली की सावली भरते, लव पुन्हा गायब. २ फुटांपासून सुरुवात करा.

हक्कांबद्दल, कारण हे बहुतेकजण उलटं समजतात: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेणारा असतो, फोटोग्राफर नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी स्वतःच्या पोर्टफोलिओची परवानगी आधीच लिहून घ्यावी.

अडलंय ते पांढऱ्या टॉवेलवर. त्यातलं ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) अतिनील किरणांत निळसर चमकतं, त्यामुळे खिडकीतला पांढरा आणि एलईडीतला पांढरा जुळत नाहीत. एका कॅटलॉगला एकच उजेड, एवढं ठरलंय. फ्लॅशवर अतिनील अडवणारा फिल्टर लावून बघणं बाकी आहे.