एका 'तिओ'त किती जण

स्पॅनिश शिकताना नात्यांचा धडा मला फार सोपा वाटला होता. 'तिओ' या एकाच शब्दात काका आणि मामा दोघेही बसतात, शिवाय आत्या व मावशी यांचे यजमानही त्यातच सामावतात. 'तिया' म्हणजे आत्या, मावशी, काकू किंवा मामी यांपैकी कोणीही. चुलत, आते, मामे, मावस ही सगळी भावंडेही 'प्रिमो' किंवा 'प्रिमा'. ज्याने बालपणी सुट्टीत मामाचा गाव अनुभवला आहे, त्याला ही काटकसर सहजी पचत नाही.

गंमत अशी की, ज्या लॅटिनमधून स्पॅनिश घडली ती याबाबत आपल्याइतकीच काटेकोर होती. काका 'पात्रुउस', मामा 'आवुन्कुलुस', आत्या 'आमिता' आणि मावशी 'मातेर्तेरा'. स्पॅनिशने हे चारही शब्द टाकून दिले आणि ग्रीकमधून उत्तरकालीन लॅटिनमध्ये शिरलेल्या शब्दाचा 'तिओ' केला. पुढे स्पेनमध्ये त्याची इतकी घसरण झाली की, तरुण मित्रही एकमेकांना 'तिओ' म्हणू लागले. भावाची कथा याहून मजेदार आहे. 'फ्रातेर गेर्मानुस' म्हणजे सख्खा भाऊ. त्यातला भाऊ गळाला, सख्खेपणा उरला आणि त्याचाच 'एर्मानो' झाला.

मात्र या भाषेला अगदीच कंजूष ठरवणार, तोच 'कोन्सुएग्रो' भेटला. हा चक्क आपला व्याही! त्याच्यामागून 'कोन्कुन्यादो' आला, म्हणजे साडू. ज्या नात्यांसाठी इंग्रजीला 'मुलीचे सासरे' असे लांबण लावावे लागते, त्यांना इथे सुटसुटीत शब्द मिळाल्याचे पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

ओळख करून देताना मात्र मराठी मन अडखळते. मित्राला सांगायचे तर 'ते प्रेसेंतो आ मी सुएग्रा', म्हणजे 'तुला माझ्या सासूची ओळख करून देतो'; वडीलधाऱ्याला सांगायचे तर 'ले प्रेसेंतो', म्हणजे 'तुम्हाला ओळख करून देतो'. म्हणजे आदर बदलतो तो ऐकणाऱ्याचा, सासूबाईंच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. 'ह्या माझ्या सासूबाई' म्हणण्याची सवय असल्याने मी एकदा आदरार्थी अनेकवचन तिथेही लावले आणि 'एस्तास सोन मिस सुएग्रास' असे म्हणून गेलो. ऐकणाऱ्या गृहस्थांनी अदबीने हात पुढे केला आणि मग दुसऱ्या सासूबाई कुठे आहेत, म्हणून माझ्या मागे डोकावून पाहिले.