व्हर्माँटहून छावणीत गेलेली घरची पत्रं, १८६२-६३ : कामाची नोंद

अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांनी घरी धाडलेली पत्रं संग्राहकांना पुष्कळ मिळतात, घरून सैनिकाला गेलेली फार कमी. घरच्यांनी पत्रं पेटीत जपली. शिपायाला ती पाठपिशवीत किती महिने वागवता येणार? काही भिजून गेली, काही त्यानं लढाईआधी स्वतःच जाळली. म्हणून व्हर्माँट या अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यातून छावणीत गेलेल्या पत्रांच्या या गठ्ठ्यातलं गाय व्याली, पोराला गोवर आला असलं मजकुरातलं बारीकसारीकही सोडायचं नाही, असं ठरवूनच वाचन चाललं आहे.

स्कॅनिंग पूर्ण झालं : ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ प्रकारच्या फाइली. आयर्न गॉल शाई (त्या काळची लोहयुक्त शाई) फिकट तपकिरी झाली असेल तर फाइलचा फक्त ब्लू चॅनल, म्हणजे निळ्या रंगाचा थर, काढून पाहा, अक्षर गडद उठतं. मात्र कागदावर तपकिरी डाग असतील तर तेही तितकेच गडद होतात. अशा पानांना मूळ रंगीत प्रतच बरी. पेन्सिलच्या पत्रांना ब्लू चॅनलचा उपयोग नाही. तिथं दिवा अगदी आडवा धरून फोटो घ्यायचा, म्हणजे टोकानं पडलेल्या खाचा दिसतात. घडी कडक असेल तर जोर लावू नका. घडीवर शाई दाट असली की कागद तिथंच तुटतो.

वाचनाची किल्ली मायन्यात आहे. हाती लेखणी घेऊन कळवते की आम्ही सारे सुखरूप आहोत, या चार ओळी पोचतील तेव्हा तूही तसाच असावास, अशा ठरीव वाक्यानं बहुतेक पत्रं सुरू होतात. मोडी वाचणाऱ्यांना हे नवं नाही : ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ एवढं ओळखीचं असलं की त्या हाताची निम्मी वळणं कळतात. इथंही या वाक्यातली अक्षरं कापून प्रत्येक हाताचा वेगळा अक्षरतक्ता केला आहे. कागद वाचवण्यासाठी लिहिलेल्या पानावरच आडवं लिहिलेली पत्रं उरली आहेत. त्यांची प्रत ९० अंशांत फिरवून दोन थर दोन रंगांत गिरवायचे. दोन्ही थर एकदम वाचायला गेलं की शब्द एकमेकांत शिरतात. शुद्धलेखन सुधारू नका, लिहिणारी जसं बोलायची तसंच लिहायची.

सर्वांत रंगलेलं काम तारखांचं. गावाच्या टपालशिक्क्यात बहुधा दिवस आणि महिनाच असतो, साल नसतं. पण १८६१ ते १८६५ या पाच वर्षांत कोणतीही एक तारीख दोनदा एकाच वारी येत नाही. वार आणि तारीख मिळाली की साल पक्कं. ४ जानेवारी, रविवार म्हणजे १८६३च, पत्रावर सवयीनं १८६२ पडलं असलं तरी. जानेवारीतली पत्रं या चुकीसाठी मुद्दाम तपासा. पत्त्यावरची रेजिमेंट दुसरा पुरावा देते. व्हर्माँटच्या १२ ते १६ क्रमांकाच्या रेजिमेंट नऊ महिन्यांच्या होत्या : ऑक्टोबर १८६२ मध्ये दाखल, जुलै-ऑगस्ट १८६३ मध्ये सेवामुक्त. त्यांच्या नावे जानेवारी १८६२चं पत्र असूच शकत नाही.

वारही नसेल तर घरची खबर कामी येते. मेपलचा रस उकळायला घेतला म्हणजे मार्च-एप्रिल, गवताची कापणी म्हणजे जुलैच्या आसपास. पोरांची नावं आणि वयं १८६०च्या जनगणनेतल्या कुटुंबाशी ताडून पाहा. त्या नोंदी १ जून १८६०च्या स्थितीच्या आहेत, त्यामुळे पुढं जन्मलेलं बाळ तिथं शोधू नये. साध्या शिपायाच्या महिन्याच्या पगाराचा आकडाही बोलतो : १३ डॉलर असेल तर आधीचा काळ. १६ डॉलर झाले ते १८६४च्या कायद्यानं, त्या वर्षीच्या १ मेपासून.

पत्र आणि लिफाफा मूळचे एकत्र आहेत का, हे वेगळं बघावं लागतं, कारण विक्रीच्या वाटेवर जोड्या फार बदलतात. पत्राच्या घड्या लिफाफ्याच्या मापात बसल्या पाहिजेत. टपालाचा दर अर्ध्या औंसाला (सुमारे १४ ग्रॅम) ३ सेंट होता. लिफाफ्यासकट वजन १४ ग्रॅमच्या बरंच वर आणि तिकीट एकच, तर संशय घ्या. जुलै १८६१च्या कायद्यानं सैनिकाला बिनतिकिटाचं पत्र धाडता येई, पैसे घेणारा भरी. घरच्यांना ती सवलत नव्हती. तेव्हा ‘सोल्जर्स लेटर’ लिहिलेल्या, अधिकाऱ्याच्या सहीच्या लिफाफ्यात आईचं पत्र निघालं तर ते नंतर कुणीतरी घातलेलं आहे. ऑगस्ट १८६१ पासून नवी तिकिटं आली आणि बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत अडकलेला साठा वापरता येऊ नये म्हणून जुनी रद्द ठरवली गेली, हेही तपासताना लक्षात ठेवा.

साठवणीला पीव्हीसीची पाकिटं नकोतच, पॉलिस्टरचीच घ्या. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक दोन्ही ठेवा, काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवायचं.

आडव्या लेखनाची पत्रं गिरवून झाली की त्यांचा अक्षरतक्ता इथं जोडला जाईल.