टोमॅटोचा लाल रंग कॅमेऱ्याला शिकवताना

आमच्याकडे, जुन्नर तालुक्यात, तोडणी झाली की काकू आणि आत्या टोमॅटो निवडायला बसतात. लांब जाणाऱ्या गाडीत नुकती लाली चढलेला माल भरायचा, पूर्ण पिकलेला जवळच्या बाजाराला. क्रेटमागून क्रेट, उन्हं कलेपर्यंत. त्यांच्या पाठीला थोडा आराम मिळावा म्हणून मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्याचा छोटा कॅमेरा आणि पायथन भाषेतून वापरायचं ओपनसीव्ही हे चित्रं तपासणारं सॉफ्टवेअर घेऊन कामाला लागलो.

पहिल्याच चित्रात टोमॅटो निळे दिसले. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने वाचतं, हे कळल्यावर ते लगेच सुटलं. मग लाल-हिरव्या-निळ्याच्या आकड्यांवर मर्यादा घालून पाहिल्या, पण एकाच टोमॅटोची उजेडातली बाजू एक आकडा देई आणि सावलीतली दुसराच. म्हणून एचएसव्ही या रंग मोजायच्या दुसऱ्या पद्धतीकडे वळलो. त्यात रंगछटा, रंगाचा भडकपणा आणि उजळपणा वेगवेगळे मिळतात, त्यामुळे सावली पडली तरी छटा फारशी हलत नाही.

खरा घोळ पुढे झाला. छटेची मर्यादा मी 0 ते 10 ठेवली, तर सर्वांत लालबुंद टोमॅटोच अर्धे गायब! दोन संध्याकाळी मी दिव्यालाच दोष देत राहिलो. शेवटी त्या जागेचे आकडे छापून पाहिले: 176, 178. रंगचक्र गोल असतं आणि लाल शून्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो. चक्राचे 360 अंश एका बाइटमध्ये (त्यात 255 पर्यंतच आकडा बसतो) मावत नाहीत, म्हणून ओपनसीव्ही ते निम्मे करून 0 ते 179 मोजतं. मग 0 ते 10 आणि 170 ते 179 असे दोन मास्क, म्हणजे हव्या त्या छटेचा भाग तेवढा दाखवणारे मुखवटे, करून जोडले आणि पडद्यावर अख्खा टोमॅटो उमटला. तो क्षण मी विसरणार नाही.

सालीवरच्या चकाकीने मास्कला भोकं पडत होती. दिव्यापुढे पांढरं कापड ताणलं, ती बरीच भरली.

तरीही एकेकटा ठेवला की बरोबर ओळखला जाणारा टोमॅटो ताट भरलं की चुकायचा. कारण कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप सुधारणारी सोय. समोर सगळं लालच लाल आलं की उजेडच तांबडा आहे असं धरून तो लाली उतरवायचा. तो बंद केला, एक्स्पोजरही (कॅमेरा किती उजेड आत घेतो ते) एका जागी बांधून टाकलं, तेव्हा कुठे आकडे स्थिर झाले. हे काम कुणी करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कॅमेऱ्याचं हे आपोआप चालणारं सगळं बंद करा.

परवा काकूने कॅमेऱ्याने 'पिकलेला' ठरवलेला एक टोमॅटो उचलला आणि उलटा करून दाखवला. खालून तो पिवळसर हिरवा होता. "बाळा, फिरवून बघावा लागतो," ती म्हणाली. आता मी ताटाऐवजी फिरते रूळ बसवतोय, म्हणजे एकेका टोमॅटोचे तीन बाजूंनी फोटो घेता येतील.