सहा इंचांचा मनस्ताप

पार्सल आलं एकदाचं. खोका उघडला तर साहेब एका डोळ्याने माझ्याकडे बघतायत आणि दुसऱ्याने सिंहगडाकडे! सहा इंची फिगर, म्हणजे पात्राचा सांधे वळणारा छोटा पुतळा; बुबुळाचा रंग केसभर सरकला की चेहऱ्याचं पार वाटोळं. त्यात गुडघा जाम. जोर लावला तर सांध्यातली खुंटी पिळवटून तुटते, म्हणून त्याचा पाय गरम पाण्यात बुडवून बसलो. आई म्हणाली, “चहाचं आधण होतं ते!”

खरी चीड मात्र वेगळीच आहे. मोठी फिगर म्हणे आपण ‘जोडायची’. म्हणजे सहा-सात खोक्यांत, छोट्या फिगरींसोबत, तिचा एकेक अवयव, आणि डावा पाय नेमका अशा पात्रासोबत ज्याला कुत्रं विचारत नाही. पाय हवा? मग घ्या अख्खा खोका.

किमतीचं तर बोलूच नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. इथल्या कारखान्यांचं भलं होवो, माझी ना नाही. पण मला हवी ती पात्रं इथे कोण बनवतंय? तुळशीबागेत विचारलं तर काकांनी भातुकलीतला पितळी बंब काढून दाखवला. (बंब सुरेख होता, खोटं कशाला बोलू.)

असो. कोथरूडच्या एका पोराकडे जास्तीचा डावा पाय आहे म्हणे. बदल्यात उजवा हात मागतोय, वर पाचशे रुपये. रविवारी डेक्कनला भेटतोय, घासाघीस करणारच.