मंगळवार-गुरुवार, साडेसहा ते आठ

लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक, ऑफिसातले सहकारी, संघात नव्यानं आलेल्या पोरांचे आईवडील, सगळे फिरून फिरून एकच विचारतात: "आठवड्यातून दोनदा, तेही दीड-दीड तास. एवढ्यात रग्बीचा संघ तयार होतो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर क्रिकेटची अकादमी असते. पहाटे किटबॅग, शाळा सुटल्यावर पुन्हा नेट्स. त्या मापानं मोजलं तर आमचं काम म्हणजे चेष्टाच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

होतो. फक्त अर्धा खेळ शिकवायचाच नाही, हे आधी ठरवावं लागतं.

आमची परिस्थिती अशी. पुण्यातल्या एका कॉलेजचं मैदान आम्हाला मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते आठ भाड्यानं मिळतं. आठ वाजले की मैदानावरचे मामा दिवे घालवतात, मग चेंडू हवेत असो नाहीतर कुणाच्या हातात. मधोमध क्रिकेटची खेळपट्टी आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही, त्यामुळे वेळेसारखंच मैदानही निम्मं. संघात आयटीवाले आहेत, एमपीएससी करणारे आहेत, एक फिजिओ आहे, दिवसभर डिलिव्हरीची कामं करणारे आहेत आणि कबड्डीच्या मंडळांतून आलेले काही गडी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर झाडून सगळे अंगठा दाखवतात. प्रत्यक्षात साडेसहाला पाच जण, सातला दहा-बारा, आणि हिंजवडीची टोळी वाकडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत सव्वासातला उतरते.

यावर चिडणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. चिडण्यात दहा मिनिटं जातात आणि ती दहा मिनिटं जे वेळेवर आलेत त्यांच्या खात्यातून जातात. आमच्याकडे सगळे जमण्याची वाट कोणी बघत नाही. दोघं आले की चेंडू बाहेर निघतो, चौघं झाले की खेळ सुरू. उशिरा येणारा ज्या बाजूचं पारडं हलकं असेल तिकडे जातो. सहा जणांत चालेल आणि अठरा जणांतही चालेल असाच सराव आखायचा, ही माझी पहिली अट.

खेळ कोणता, तर टच. अंगावर न जाता दोन हातांनी शिवायचं. पण आमच्या टचमध्ये शिवलं की चेंडूवाल्यानं खरोखर खाली पडायचं, पडता पडता अंग वळवून चेंडू आपल्या माणसांकडे हात लांबवून ठेवायचा. सगळ्यात जवळच्या दोन साथीदारांनी त्याच्यावरून पुढे येऊन वाकून उभं राहायचं. शिवणाऱ्यानं वळसा घालून आपल्या बाजूला परत जायचं, तोवर तो खेळात नाही. टक्कर कुठेच नाही, पण 'रक'चा सगळा सांगाडा त्यात आला. रग्बी न पाहिलेल्यांसाठी: पडलेल्या खेळाडूच्या वर दोन्हीकडचे गडी पायांवर उभे राहून एकमेकांना रेटतात आणि चेंडू खाली जमिनीवर असतो, तो रक. पंधरा-पंधराच्या सामन्यात रक शंभराच्या वर होतात. आठ विरुद्ध आठ जण एकमेकांना बांधून, वाकून समोरासमोर रेटतात तो गाजलेला स्क्रम, ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात, तो जेमतेम पंधराएक वेळा होतो. माझे तीन तास कुठे जायला हवेत, हे या हिशेबातच आलं.

मग त्याच खेळाचे नियम मी दर पाच-सात मिनिटांनी बदलतो. बचावात एक माणूस कमी करतो. दोघांनी येऊन उभं राहायचं तिथे एकच माणूस देतो, म्हणजे उरलेल्यांना आधीच अंदाज घ्यावा लागतो. कधी मैदान अरुंद करतो, कधी बोलणं बंद करतो. हे शेवटचं करून बघा. दोन मिनिटांत पोरं आपापसातच भांडायला लागतात, कारण बोलल्याशिवाय बचावाची रेघ सरळ राहत नाही हे तेव्हा कुठे अंगाला कळतं. मी भाषण करून ते कळत नाही. माझं बोलणं एका वेळी अर्ध्या मिनिटापुढे जाऊ द्यायचं नाही, हे काम आमच्या फिजिओकडे दिलंय. ती घड्याळ बघून सरळ शिट्टी मारते.

मैदानाला चकरा मात्र आम्ही मारत नाही. दमसास हवाच, पण तो टचमध्येच निघतो. बाकीचं पळणं ज्यानं त्यानं आपापल्या टेकडीवर करावं. माझ्या दीड तासात नुसतं पळायचं असेल तर चेंडू कशाला हवा?

"पण एकमेकांना पाडायचा सराव?" हा पुढचा प्रश्न, आणि तो बहुधा आईचा असतो. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेनं व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेबरोबर २०२१ मध्ये सरावाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्ण जोरानं अंगावर जाण्याचा सराव आठवड्याला जास्तीत जास्त पंधरा मिनिटं असावा, असं म्हटलंय. ज्यांचं पोट या खेळावर आहे, दिमतीला डॉक्टर आहेत, त्यांना पंधरा मिनिटं. मग सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडायचाय त्या माणसाला मी त्याहून जास्त कशासाठी देऊ? आमची दहाच मिनिटं असतात, गुरुवारी नाही, फक्त मंगळवारी, म्हणजे रविवारच्या सामन्याआधी अंग मोकळं होतं.

ती दहा मिनिटं मात्र कुणाच्या भरवशावर सोडत नाही. आधी दोघंही गुडघ्यांवर. मग पाडणारा एका गुडघ्यावर आणि चेंडूवाला चालत. मग दोघं चालत. पळणं सगळ्यात शेवटी, आणि ज्याचं डोकं चुकीच्या जागी जातं तो पुन्हा गुडघ्यांवर. डोकं समोरच्याच्या मांडीच्या मागे, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, खांदा आधी आणि हात नंतर आवळायचे. डोकं पुढे राहिलं तर पडणाऱ्याचं सगळं वजन मानेवर. हे एकच वाक्य मी वर्षभर बोलतो आणि त्याचा मला कंटाळा येत नाही.

कबड्डीच्या गड्यांचं इथे निराळंच प्रकरण. खाली वाकून उभं राहणं, मांडीला मिठी, वेळेचा अंदाज, हे सगळं ते घेऊनच येतात. एक गडी पहिल्या दिवशी आमच्या सगळ्यात दांडग्या प्रॉपला, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीतल्या कडेच्या गड्याला, असा आडवा घातला की मैदानावर शांतता. पण पाडल्यावर त्यानं सोडलंच नाही. मी ओरडतोय, "सोड! अरे सोड!" तो आणखी आवळतोय. कबड्डीत पंचाची शिट्टी होईपर्यंत कोण सोडतो? उठल्यावर मला म्हणाला, "सर, पकडलेला माणूस सोडायचा?"

"सोडायचा. लगेच."

"मग पकडला कशाला?"

प्रश्न रास्त होता. नियम असा की पाडणाऱ्यानं खाली गेल्यावर समोरच्याला ताबडतोब मोकळं करायचं, नाहीतर पेनल्टी. पण त्याच नियमाचा दुसरा भाग असा की सोडून जो आधी स्वतःच्या पायांवर उभा राहील त्याला चेंडूवर हात टाकता येतो, आणि पडलेल्यानं तो दाबून ठेवला तर पेनल्टी त्याच्यावर. हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. आता आमच्या संघात समोरच्याचा चेंडू सगळ्यात जास्त वेळा तोच काढतो. त्याला रग्बी शिकवायला मला फार वेळ लागला नाही. एक सवय मोडायला लागला, तेवढाच.

वेळ कमी असला की पहिली कात्री वॉर्म-अपवर चालवायचा मोह होतो. तिथे मी हात लावत नाही. वर्ल्ड रग्बीचा 'अ‍ॅक्टिव्हेट' नावाचा कार्यक्रम आहे, बाथ विद्यापीठातल्या संशोधनावर उभा. तोल, दिशा बदलणं, उडी मारून नीट उतरणं आणि मानेचे व्यायाम. आठवड्यातून तीनदा केला तर दुखापती, डोक्याच्यासुद्धा, चांगल्याच कमी होतात असं त्या अभ्यासात दिसलं. आमचे मंगळवार-गुरुवार दोन, आणि रविवारी सामन्याआधीचा तिसरा. बसतं गणित.

आता काय सोडलं ते सांगतो, कारण खरं उत्तर त्यातच आहे. पायानं मारायचे डावपेच जवळजवळ सोडलेत. अडचणीत सापडलात तर चेंडू बाहेर मारा आणि श्वास घ्या, एवढीच आमची किकिंगची नीती. मागच्या फळीच्या नक्षीदार चाली, ज्यात एक जण खोटा पळतो आणि दुसरा पाठीमागून निघतो, तशी एकच ठेवलीय. ती नीट जमते. यूट्यूबवरून नवीन चाल घेऊन येणारा कोणी ना कोणी दर महिन्याला असतोच. त्याला मी म्हणतो, जुनी कोणती काढू ते सांग.

स्क्रमचं जरा अवघड आहे. पुढच्या फळीतल्या तिघांच्या मानांवर तो उभा असतो आणि तो अर्धवट शिकवण्यासारखा प्रकार नाही. तिघंही तयार हजर नसतील तर मी सामन्याआधी पंचांना आणि समोरच्या प्रशिक्षकांना सांगून टाकतो की आमचा स्क्रम न रेटता होईल. नियमात तशी सोय आहे: दोन्हीकडचे बांधून उभे राहतात, ढकलत नाहीत, चेंडू ज्याचा त्याला मिळतो. काही जणांना यात कमीपणा वाटतो. वाटू दे.

लाइन-आउटला, म्हणजे चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधून आत फेकतात तिथे, आमचे इशारे तीनच. पुढे फेकायचा तर 'डेक्कन', मधे 'शिवाजीनगर', सगळ्यात मागे 'निगडी'. बाहेरच्या राज्यातल्या संघांना पत्ता लागत नाही. मुंबईकरांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं, मग आम्ही क्रम उलटा केला आणि आमचाच लॉक, म्हणजे उडी मारून चेंडू घेणारा उंच गडी, निगडीला उडी मारून उभा राहिला, चेंडू डेक्कनला.

घरचा अभ्यास म्हणाल, तर मी देत नाही. कोणी करत नाही आणि न केल्याचं ओझं घेऊन गुरुवारी येतो. अपवाद एकच, आमचा हूकर, म्हणजे लाइन-आउटला चेंडू आत फेकणारा. चेंडू फेकणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे. त्यानं सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर खडूनं तीन खुणा केल्यात, रात्री जेवण झालं की वर जातो. सेक्रेटरींनी एकदा हटकलं. आता त्यांचा नातू चेंडू परत आणून देतो.

राहता राहिला हजेरीचा प्रश्न. सरावाला न येणाऱ्याला खेळवायचं का? शिस्तीचे पुरस्कर्ते म्हणतात, नाही. मला तेवढं सोपं वाटत नाही. रग्बीचा इतिहास या एका मुद्द्यावर दुभंगलाय. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खाणकामगार आणि गिरणीकामगार सामन्यासाठी पाळी बुडवायचे, तेव्हा बुडालेली मजुरी भरून द्या असं त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं. लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींनी ते १८९३ मध्ये फेटाळलं. १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे त्यातूनच रग्बी लीग हा वेगळा खेळ झाला. मूळच्या खेळाला, म्हणजे आम्ही खेळतो त्या रग्बी युनियनला, उघडपणे पैसे द्यायला १९९५ उजाडलं. शंभर वर्षं! ज्याला वेळ परवडतो तोच खरा हौशी, हा विचार तेव्हाही सोयीचाच होता.

आमचा एक विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणारा गडी, संध्याकाळी सात ते दहा डिलिव्हरी करतो, त्याच्या कमाईची वेळ तीच. गुरुवारी तो येत नाही. त्याला शिस्त शिकवणारा मी कोण? आमचा नियम सुरक्षेपुरता आहे: दोन आठवडे पाडण्याच्या सरावाला जो नव्हता तो सुरुवातीच्या पंधरात नाही. त्यापलीकडे गैरहजेरीचा हिशेब मी ठेवत नाही. विंगर मंगळवार चुकवत नाही.

काही जण सुचवतात की सात-सातचाच खेळ खेळा, ऑलिम्पिकमध्ये आहे, माणसं कमी लागतात, सामना चौदा मिनिटांत उरकतो. माणसं कमी लागतात हे खरं. पण तेवढंच मैदान सात जणांनी भरायचं म्हणजे दम पाहिजे, आणि दम ही एकच गोष्ट मी तीन तासांत देऊ शकत नाही. शिवाय आमच्या दोन्ही प्रॉपना मी काय सांगू? पंधरांच्या रग्बीत शंभर किलोच्या माणसाला हक्काची जागा आहे, म्हणून तर ते आले.

"आणि आणखी एक तास मिळाला तर?" हेही विचारतात. मिळाला तर सगळा पुढच्या फळीला देईन. तिघांना वेगळं काढून, गुडघ्यांवरून सुरुवात करून, स्क्रम पायरी-पायरीनं. कॉलेजच्या ऑफिसात विचारूनही आलोय. शनिवार सकाळ क्रिकेट अकादमीकडे आहे, रविवार संध्याकाळ लग्नांना देतात. बुधवारचं बघतो म्हणालेत.