ड्रॅगन आणि कुत्रा: सहा वर्षांचं अंतर

मुलगा १९८८चा, म्हणजे चिनी राशीनं ड्रॅगन. मुलगी १९९४ची, म्हणजे कुत्रा. सिंगापुरात माझ्या ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीनं घरी आपण लग्नासाठी निवडलेल्या मुलाचं वय सांगितलं आणि तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

सहा वर्षांचं अंतर! इथल्या जुन्या वळणाच्या घरांत एवढं पुरतं. बारा प्राण्यांचं चक्र दरवर्षी एक घर पुढे सरकतं, सहा वर्षांनी येणारा प्राणी बरोबर समोर बसतो, आणि समोरासमोर म्हणजे थेट टक्कर. उंदीर-घोडा, बैल-शेळी, वाघ-माकड, ससा-कोंबडा, साप-डुक्कर आणि हे ड्रॅगन-कुत्रा. सगळा हिशेब बोटांवर. त्यामुळे एकाच वर्गात शिकून प्रेमात पडलेल्यांवर ही आफत कधी येतच नाही!

चार-चार वर्षांनी येणारे तिघे मात्र जिवलग. ड्रॅगन, उंदीर, माकड एका गटात. कुत्रा, वाघ, घोडा दुसऱ्यात. ड्रॅगनला सगळ्यात शोभतो तो कोंबडा, कारण तो फिनिक्स या पौराणिक पक्ष्याच्या जागी धरतात, आणि ड्रॅगन-फिनिक्सची जोडी तर नवरीच्या सोन्याच्या बांगड्यांवरही कोरलेली असते.

आपलं गुणमेलन आठवलं नसतं तरच नवल. छत्तीसातले चार गुण योनीचे, आणि तिथेही प्राणीच: मांजर-उंदीर, साप-मुंगूस, गाय-वाघ हे वैरी. फक्त आपला प्राणी नक्षत्रावरून ठरतो, यांचा वर्षावरून. पण खरी मौज राशिकुटात आहे. दोघांच्या राशी एकमेकींपासून सातव्या आल्या तर आपण समसप्तक म्हणून खूश होतो. पाचवी-नववी आली की नवपंचम म्हणून राशिकुटाचे सातही गुण कापतो. इथे नेमकं उलटं! सातवं घर वैऱ्याचं, पाचवं-नववं जिवलगांचं. मी कागदावर वर्तुळ काढून हे दाखवलं, तर मैत्रीण म्हणाली, "मग आईला तुमच्या गुरुजींकडेच पाठवते."

पळवाटा दोन्हीकडे आहेत म्हणा. आपल्याकडे राशिस्वामींची मैत्री निघाली की दोष सौम्य होतो. इथे जाणकार ज्योतिषी नुसत्या वर्षावर थांबत नाही. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार खांब मांडतो, आणि जोडीदाराचं घर बघतो ते दिवसाच्या खांबात. शिवाय वर्ष १ जानेवारीला बदलत नाही. १९८८ साली चिनी नवं वर्ष १७ फेब्रुवारीला लागलं, म्हणजे त्या जानेवारीत जन्मलेला मुलगा अजून ससाच, आणि ससा-कुत्रा ही पहिल्या प्रतीची जोडी! मैत्रिणीच्या आईनं ही आशाही धरून पाहिली. पोरगा ऑगस्टचा निघाला.

शेवटी ज्योतिषानं दिवसाचे खांब जुळवून दिले आणि होकार आला. मग तारीख. चिनी कॅलेंडरात प्रत्येक दिवसापुढे, तो कोणत्या प्राण्याला वावडा आहे, हे छापलेलं असतं. कुत्रा आणि ड्रॅगन दोघांनाही सांभाळायचं, म्हणजे बारातले दोन दिवस तिथेच बाद. मग दोघांच्या आयांच्या राशी. उरलेल्यात शनिवार शोधावेत, तर चांगले हॉल कधीच गेलेले. लग्नाचं जेवण आता मंगळवारी रात्री ठरलंय, आणि बुधवारी अर्धी रजा मिळेल का, याची ऑफिसात आम्हा सगळ्यांचीच चौकशी चालू आहे.